फुलोरा आणि फळधारणेसाठी बायोस्टिम्युलंट: कधी, कसं आणि कोणत्या क्रमानं द्यायचं

"फुलं गळायला लागलीत, कोणतं टॉनिक मारू?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. सोबत बहुधा एक फोटो असतो: झाडाखाली पिवळ्या फुलांचा सडा आणि बाजूला अर्धी संपलेली बाटली. उत्तर देताना वाईट वाटतं, कारण तोवर वेळ निघून गेलेली असते. गळणारं फूल देठाच्या सांध्यापाशी आतून आधीच सुटलेलं असतं. ते परत जोडणारं काहीही बाटलीत मिळत नाही.

परागण नीट झालेल्या फुलातून ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठातून खाली वाहत राहतं. तो प्रवाह चालू असेपर्यंत सांधा घट्ट राहतो. उष्णता, पाण्याची ओढ किंवा उपासमार झाली की हा प्रवाह आटतो, झाडात इथिलीन हे फुलं-पानं गळवणारं संप्रेरक वाढतं आणि सांध्यातल्या पेशी एकमेकींपासून सुटू लागतात. बायोस्टिम्युलंटचं काम या घटनेच्या आधीचं आहे. झाडाला ताण सोसायला तयार करणं, मुळी चालू ठेवणं आणि आहे ते खत नीट उचलायला मदत करणं, एवढंच ते करतं. ते स्वतः खत नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खत नियमावलीतल्या व्याख्येतही हेच आहे: या पदार्थांचा परिणाम त्यांच्यातल्या अन्नद्रव्यांच्या प्रमाणावर अवलंबून नसतो.

म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमानं घ्या. पहिले दोन टप्पे सोडून थेट बाटलीकडे जाणं, ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

१. फूल का गळतंय ते आधी ओळखा

सकाळी झाडाखाली जा, ताजी गळलेली दहा-बारा फुलं उचला आणि पांढऱ्या कागदावर मांडा. एकेक फूल जवळून बघा. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मध्येच एक छोटी गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. फूल तिथूनच तुटलेलं दिसेल. आता पाकळ्या बाजूला करून आतला फळाचा कोंब बघा.

कोंब टाचणीच्या डोक्याएवढाच असेल, हिरवट-पिवळा पडला असेल आणि देठही पिवळा असेल, तर फळधारणा झालीच नाही. परागकण निकामी झाले किंवा पोहोचलेच नाहीत. टोमॅटो आणि मिरचीत दिवसाचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर राहिलं किंवा रात्री गरम जाऊ लागल्या की हे हमखास होतं. सतत पाऊस, ढगाळ हवा आणि मधमाश्यांचा अभाव ही इतर कारणं आहेत.

कोंब वाटाण्याएवढा होऊन मग गळला असेल, तर धारणा झाली होती पण झाड त्याला पोसू शकलं नाही. पाण्यात खंड, झाडावर आधीच जास्त फळं किंवा दाट सावली, यांतलं काहीतरी सापडेल.

फूल कागदावर झटकल्यावर बारीक, लांबट, पिवळे किंवा काळपट किडे धावताना दिसले तर ते फुलकिडे आहेत. आधी त्यांचा बंदोबस्त करा. फुलकिडे असताना अमिनो आम्ल मारणं म्हणजे त्यांच्यासाठी अजून कोवळी फूट तयार करून देणं.

फुलंच कमी आहेत, शेंडा जोरात चाललाय, पानं गडद हिरवी आणि मोठी आहेत, पेरांमधलं अंतर वाढलंय, असं असेल तर नत्र जास्त झालंय. अशा झाडाला वाढीचं काहीही देऊ नका.

आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. भोपळा, काकडी, दोडका अशा वेलवर्गीय पिकांत नर आणि मादी फुलं वेगळी असतात. नर फूल एक दिवस फुलतं आणि गळतं. ते गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासून लागलेलं असतं. काळजी करायची ती त्याची. फळझाडांतही बहुतेक फुलं गळणं हाच नियम आहे. सफरचंदावर भरगच्च बहर आला असेल, तर त्यातली शेकडा ५ ते १० फुलं टिकली तरी झाड पूर्ण भरतं. आंब्याच्या मोहोरातली तर फारच थोडी फुलं फळापर्यंत जातात.

तपासून पाहा: गळलेल्या फुलांपैकी निम्म्याहून जास्त फुलांत एकच लक्षण दिसतंय का? दिसत असेल तर कारण सापडलं. प्रत्येक फुलात वेगळं लक्षण दिसत असेल, तर अजून दोन दिवस फुलं गोळा करा. घाईनं फवारू नका.

२. पाणी, मुळी आणि खत जागेवर आणा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो. पण बायोस्टिम्युलंटचा पैसा इथेच वाया जातो किंवा वसूल होतो.

मुळापाशी एक वीतभर खणा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावी आणि बोटानं टोचली की फुटावी, हा वाफसा. चिखल निघत असेल तर मुळ्यांना हवा मिळत नाही आणि वरून काहीही दिलं तरी उपयोग होणार नाही. पांढरी मुळी दिसतेय का ते बघा. मुळ्या तपकिरी, मऊ आणि सोलवटलेल्या असतील तर आधी निचरा सुधारा. कुंडीतल्या झाडाला हलक्या हातानं मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढून बघता येतं. तळाची छिद्रं बुजली असतील तर तीही मोकळी करा.

फुलोऱ्याच्या काळात पाणी एकसारखं हवं. चार दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर, या पद्धतीनं फुलंही गळतात आणि पुढे फळाच्या टोकाला काळा, दबलेला चट्टाही पडतो. तो चट्टा कॅल्शियम न पोहोचल्यानं पडतो. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं आणि ज्या भागातून बाष्प जास्त उडतं तिकडे, म्हणजे पानांकडे, जास्त जातं. फळातून बाष्प फारसं उडत नाही, म्हणून पाणी तुटलं की पहिला फटका फळाला बसतो. जमिनीत कॅल्शियम भरपूर असूनही हे घडतं.

लिंबूवर्गीयांसारख्या काही फळझाडांना मात्र बहरापूर्वी मुद्दाम ताण द्यावा लागतो. तो काळ वेगळा ठेवा. ताणाच्या दिवसांत मुळी चालवणाऱ्या ह्युमिक आम्लाची आळवणी (पाण्यात मिसळून मुळापाशी ओतणं) केली किंवा नत्रयुक्त अमिनो आम्ल दिलं, तर झाड विश्रांती मोडून नुसती पालवी काढतं आणि बहर हुकतो.

खतांचं म्हणाल, तर कळी लागण्याच्या आधीपासून नत्र आवरतं घ्या आणि पालाश वाढवा. बोरॉनकडे विशेष लक्ष द्या: परागनलिका वाढून बीजांडापर्यंत पोहोचायला बोरॉन लागतं. ते कमी असेल तर फूल कितीही टवटवीत दिसलं तरी फळ धरत नाही. जस्त कमी असेल तर ऑक्सिन तयार होण्यात अडथळा येतो. ही उणीव समुद्री शेवाळानं भरून निघत नाही.

सावधान: बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं. मातीचा किंवा पानांचा अहवाल हातात नसताना प्रत्येक फवारणीत बोरॉन मिसळू नका. जुन्या पानांच्या कडा आणि टोकं पिवळी पडून करपू लागली तर लगेच थांबा.

३. कारणाला जुळणारं बायोस्टिम्युलंट निवडा

सगळ्या बाटल्यांवर फुला-फळांची चित्रं असतात, पण आतले पदार्थ वेगवेगळी कामं करतात.

समुद्री शेवाळ अर्क फुलोऱ्यासाठी सर्वांत जास्त वापरला जातो. त्यात बीटेन, मॅनिटॉल, अल्जिनिक आम्ल असे पदार्थ असतात आणि सायटोकायनिनसारखी संप्रेरकं अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात. उष्णता, थंडी, क्षार यांचा ताण येणार असेल तर माझी पहिली पसंती यालाच आहे.

अमिनो आम्लं आणि प्रथिन अर्क थकलेल्या झाडाला सावरायला आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं पानातून आत न्यायला मदत करतात. पण त्यांत नत्र असतं. शेंडा आधीच जोरात असलेल्या झाडावर ते टाळा.

ह्युमिक आणि फुल्विक आम्ल ही मुळीची माणसं. ती जमिनीतून द्यायची, तीही वाढीच्या सुरुवातीला. फूल गळायला लागल्यावर ह्युमिकची आळवणी करून त्याच आठवड्यात फरक शोधणं व्यर्थ आहे.

सिलिकॉन पेशीभित्तिका बळकट करतं आणि उष्णता, पाण्याची ओढ सोसायला मदत करतं. कायटोसान झाडाची स्वतःची संरक्षण यंत्रणा जागी करतं. दोन्ही कळीच्या आधी द्यायची.

जिवाणू आणि मायकोरायझा (मुळांत राहून झाडाला मदत करणारी बुरशी) लागवडीच्या वेळी, मुळाला प्रत्यक्ष चिकटतील अशा रीतीनं द्यायचे. मायकोरायझा कोबी-मोहरीच्या कुळातल्या पिकांच्या मुळांत वस्ती करत नाही. तिथे पैसा घालवू नका. जमिनीत स्फुरद भरपूर असेल तर इतर पिकांतही ती नीट रुजत नाही.

वेष्टनावर चार गोष्टी वाचा: आतला मुख्य पदार्थ आणि त्याचं प्रमाण, प्रति लिटर मात्रा, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि कशासोबत मिसळू नये ही सूचना. घटकांच्या जागी नुसतं "विशेष नैसर्गिक सूत्र" लिहिलेलं असेल तर ती बाटली परत ठेवा.

सावधान: "दोन दिवसांत फुलांचा भडिमार" असा दावा असेल तर आत संप्रेरक मिसळलेलं असण्याची शंका घ्या. जिबरेलिक आम्ल, एनएए, पॅक्लोब्युट्राझॉल ही वाढ नियंत्रकं आहेत, बायोस्टिम्युलंट नव्हेत. ती पीपीएममध्ये, म्हणजे एका लिटरला मिलिग्रॅमच्या हिशोबात मोजून द्यावी लागतात. आत काय आणि किती आहे हे माहीत नसताना अंदाजानं दिली, तर पानं वळतात, शेंडा थांबतो, फळं वेडीवाकडी होतात.

४. पाणी तपासा, मग काचेच्या बरणीत मिश्रण करून पाहा

एकदा मी ह्युमिक आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच टाकीत टाकून ठिबकला सोडलं होतं. दोन्ही विद्राव्य, मग हरकत काय, असा विचार केला. अर्ध्या तासात गाळणी काळ्या, चिकट गाळानं भरली आणि शेवटच्या तीन ओळींतले ड्रिपर बंद पडले. ते मोकळे करायला दोन दिवस गेले आणि नेमक्या कळीच्या वेळी त्या ओळी तहानलेल्या राहिल्या. त्या ओळींतली गळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तेव्हापासून बरणी केल्याशिवाय मी टाकीत काहीही मिसळलेलं नाही.

बरणीची पद्धत सोपी आहे. पारदर्शक बरणीत एक लिटर तेच पाणी घ्या, जे फवारणीला वापरणार आहात. ज्या प्रमाणात आणि ज्या क्रमानं टाकीत घालणार, त्याच प्रमाणात आणि क्रमानं एकेक पदार्थ घाला. प्रत्येक पदार्थानंतर ढवळा आणि थोडं थांबा. मग बरणी अर्धा तास स्थिर ठेवा.

आता उजेडात धरून बघा. दुधासारखे फुटलेले कण, तळाला साका, वर तवंग, काचेला चिकटणारा बुळबुळीत थर, बरणी हाताला गरम लागणं: यांतलं काहीही दिसलं तर ते मिश्रण नको. ह्युमिकमध्ये कॅल्शियम पडलं तर आधी पाण्यात काळे धागे फिरताना दिसतात, मग ते एकमेकांना धरून तळाशी बसतात. शेवाळ अर्कातलं अल्जिनेटही कॅल्शियमबरोबर जेलीसारखं घट्ट होतं.

काही जोड्या तर बरणी न करताच टाळा:

- ह्युमिक आणि आम्लधर्मी खतं. ह्युमिक आम्ल अल्कधर्मी पाण्यात विरघळतं आणि आम्लात साकळतं. फुल्विकला ही अडचण येत नाही.
- कॅल्शियम आणि फॉस्फेट किंवा सल्फेट. खाली पांढरा गाळ बसतो.
- अमिनो आम्लं आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक. अमिनो आम्ल तांबं जास्त प्रमाणात आत नेतं आणि कोवळी पानं, कळ्या करपतात. गंधक आणि तेल असलेल्या औषधांबरोबरही नको.
- पोटॅशियम सिलिकेट आणि इतर जवळजवळ काहीही. ते तीव्र अल्कधर्मी असतं, वेगळं द्या.
- जिवाणू आणि कोणतंही बुरशीनाशक किंवा जिवाणूनाशक. क्लोरीनयुक्त नळाचं पाणीही नको. द्यायचंच असेल तर ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मग वापरा.

पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे) साध्या पट्टीनं मोजता येतो. बऱ्याच फवारण्यांना ५.५ ते ६.५ सामू मानवतो. पण हा आकडा डोळे झाकून लावू नका. अनेक शेवाळ अर्क पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून काढलेले असतात आणि त्यांचा स्वतःचा सामू ८ ते १० च्या आसपास असतो. असा अर्क आम्ल घातलेल्या पाण्यात टाकला तर तो फाटू शकतो. वेष्टन काय सांगतं ते बघा आणि बरणीला विचारा.

टाकीत मिसळताना अर्धी टाकी पाणी, मग गरज असेल तर सामू दुरुस्ती, मग विरघळवून घेतलेलं खत, मग बायोस्टिम्युलंट, मग उरलेलं पाणी आणि सर्वांत शेवटी स्टिकर, म्हणजे फवारा पानावर पसरवून चिकटवणारं द्रव. स्टिकर आधी टाकला तर नुसता फेस होतो आणि टाकी भरली की नाही तेच कळत नाही.

५. मात्रा मोजा, झाकणानं ओतू नका

मात्रा प्रति लिटर २ मिली असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली लागतं. हे मापाच्या नळकांड्यानं किंवा सिरिंजनं मोजा. बाटलीचं झाकण किती मिलीचं आहे हे कुणालाच नक्की माहीत नसतं.

"थोडं जास्त टाकलं तर जास्त फुलं येतील" हा समज सोडून द्या. या पदार्थांचा परिणाम कमी मात्रेत चांगला असतो आणि मात्रा वाढवत नेली की उलटा होतो: मुळी आखडते, वाढ अडते, कळ्या करपतात. शंका असेल तर अर्ध्या मात्रेनं सुरुवात करा. कुंडीतल्या झाडांना तर मी नेहमी अर्धीच मात्रा सांगतो, कारण तिथे जास्तीचं वाहून जायला जमीन नसते.

६. अवस्थेप्रमाणे द्या, तारखेप्रमाणे नाही

"लागवडीनंतर पंचेचाळिसाव्या दिवशी" अशी वेळापत्रकं हवामान बदललं की कोलमडतात. झाडाकडे बघून ठरवा.

मुळी धरताना. रोप लावल्यावर किंवा छाटणीनंतर नवी मुळी सुटत असताना ह्युमिक किंवा फुल्विक जमिनीतून, आणि जिवाणू किंवा मायकोरायझा मुळापाशी. एवढ्या लवकर फुलांचा काय संबंध, असं वाटेल. टोमॅटोच्या रोपाला दोन-तीन खरी पानं असतात तेव्हाच पहिला घोस आतल्या आत ठरायला लागतो. सफरचंद आणि द्राक्षात तर या हंगामाच्या फुलांचा पाया मागच्या हंगामात पडलेला असतो. तेव्हा झाड उपाशी राहिलं असेल, तर आत्ताच्या फवारणीनं फुलांची संख्या वाढणार नाही. बहुवर्षायू झाडांत काढणीनंतर पानं हिरवी ठेवणं आणि झाडाला पुन्हा सावरणं, ही खरं म्हणजे पुढच्या बहराची पहिली फवारणी आहे.

कळी दिसण्याआधी आणि कळी हिरवी असताना. सगळ्या हंगामात एकच फवारणी परवडत असेल तर ती इथे करा. कळ्या नुकत्या दिसू लागल्या आहेत, पाकळीचा रंग अजून बाहेर आलेला नाही, फुलं उमलायला साधारण आठ-दहा दिवस आहेत, अशी अवस्था पकडा. आतमध्ये परागकण तयार होत असतात आणि उष्णतेला ते याच काळात सर्वांत हळवे असतात. शेवाळ अर्काची फवारणी इथे घ्या. बोरॉन कमी असल्याचा अहवाल असेल तर तेही याच सुमारास, बरणी तपासून.

हवामानाच्या अंदाजात उष्णतेची लाट किंवा कडाक्याची थंडी दिसत असेल, तर ती येण्याच्या दोन-चार दिवस आधी फवारा. ताण येऊन गेल्यावर फवारलं तर झाड सावरायला थोडी मदत होते, पण मेलेले परागकण जिवंत होत नाहीत.

फुलं उमललेली असताना. हात आवरा. उमललेल्या फुलावर पाणी पडलं की परागकण फुटतात किंवा गोळा होऊन बसतात आणि मधमाश्याही फिरकत नाहीत. फारच गरज असेल तर मुळातून द्या. या दिवसांत झाडाला लागतं ते एकसारखं पाणी आणि परागण. बंदिस्त जागेत किंवा गच्चीवर टोमॅटो असेल तर सकाळी उन्हं तापण्याआधी घोसाला हलकेच टिचकी मारा. पराग झडून आत पडतो. भोपळ्याला पहाटे उमललेलं नर फूल तोडून मादी फुलावर हातानं टेकवा. या दोन गोष्टींनी कुंडीतल्या कित्येक झाडांची "फुलगळ" थांबलेली मी बघितली आहे, एक थेंबही न फवारता.

तपासून पाहा: साधारण शेकडा १० फुलं उमलली आहेत का? असतील तर कळीवरच्या फवारणीची वेळ संपली.

फळ धरल्यावर. पाकळ्या वाळून गळाल्या आणि कोंब हिरवागार फुगू लागला की पेशी विभाजनाचा काळ सुरू होतो. टोमॅटोत हा काळ साधारण १० ते १४ दिवसांचा असतो. काकडीत तो फारच लवकर आटोपतो. फळात किती पेशी असणार हे इथे ठरतं, आणि पुढे त्याच पेशी फुगतात. म्हणून दुसरी महत्त्वाची फवारणी इथे: शेवाळ अर्क, किंवा झाड थकलेलं दिसत असेल तर अमिनो आम्ल. कॅल्शियमची फवारणीही फळ लहान असतानाच थोडीफार उपयोगी पडते, कारण फळ मोठं झाल्यावर त्याच्या सालीतून ते फारसं आत जात नाही. मात्र कॅल्शियम आणि शेवाळ एका टाकीत नको. चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा.

जास्त फळं लागली असतील तर विरळणीही याच वेळी करा. झाडाच्या कुवतीपेक्षा जास्त फळं टॉनिकच्या जोरावर धरून ठेवली तर सगळीच बारीक राहतात आणि पुढचा बहर मार खातो.

फुगवणीच्या काळात. इथे पालाश आणि पाणी हेच मुख्य. बायोस्टिम्युलंट दिलंच तर आधीची फवारणी होऊन १० ते १५ दिवस झालेले असू द्या.

रंग येऊ लागल्यावर. थांबा. नत्र असलेली अमिनो आम्लं या टप्प्यावर दिली तर रंग लांबतो आणि फळ मऊ पडतं.

७. फवारणीचा दिवस

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. हवा कोरडी आणि गरम असेल तर थेंब पानात शिरण्याआधी वाळतो आणि पानावर क्षारांचे डाग राहतात. बहुतेक पिकांत पर्णरंध्रं पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात, म्हणून नोझल खालून वरही फिरवा. पान ओलं व्हावं, पण टपकू नये. पुढच्या सहा तासांत पावसाची शक्यता असेल तर उद्या करा. तहानलेल्या, माना टाकलेल्या झाडावर कधीच फवारू नका: आदल्या दिवशी पाणी द्या. पंप आधी तणनाशकासाठी वापरलेला असेल तर तो या कामाला घेऊच नका. धुतल्यानंतरही उरलेला अंश कळ्यांना पुरतो. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, "सेंद्रिय" लिहिलेलं असलं तरी.

तपासून पाहा: आधी दोन-तीन झाडांवर फवारा आणि ४८ तास थांबा. कळ्यांची टोकं काळी पडली नाहीत, कोवळी पानं वळली नाहीत, तरच बाकीची झाडं घ्या.

८. एक ओळ कोरी ठेवा आणि मोजा

हा टप्पा जवळजवळ कुणीच करत नाही, आणि म्हणून वर्षानुवर्षं त्याच बाटल्या विकत घेतल्या जातात. फवारणीनंतर पाऊस पडतो, तापमान उतरतं, फुलं टिकतात आणि श्रेय बाटलीला जातं.

एका ओळीला किंवा चार-पाच झाडांना फक्त साधं पाणी फवारा. बाकी खत, पाणी, छाटणी सगळं सारखं ठेवा. काठावरची झाडं निवडू नका, तिथे ऊन-वारा वेगळा लागतो. दोन्हीकडे प्रत्येकी दहा घोस किंवा फांद्या निवडा, त्यांना रंगीत दोरा बांधा आणि उमललेली फुलं मोजून वहीत लिहा. दोन आठवड्यांनी त्याच घोसांवर धरलेली फळं मोजा.

समजा फवारलेल्या बाजूला ६० फुलांपैकी ३९ धरली, म्हणजे शेकडा ६५. कोऱ्या बाजूला ६० पैकी ३६, म्हणजे शेकडा ६०. एवढ्याशा नमुन्यात तीन फुलांचा फरक म्हणजे काहीच नाही. तो योगायोगानंही पडतो. ३९ विरुद्ध २४ असेल तर लक्ष द्यावं असा फरक आहे, आणि पुढच्या फुलोऱ्यातही तो पुन्हा दिसला तर विश्वास ठेवा. काढणीच्या वेळी दोन्ही बाजूंची फळं वजन करून घ्या. कधीकधी फळांची संख्या वाढते आणि एकूण वजन तेवढंच राहतं.

हवामान चांगलं, माती चांगली, पाणी वेळेवर असेल त्या हंगामात कोऱ्या ओळीत आणि फवारलेल्या ओळीत फरक दिसणार नाही, अशी बरीच शक्यता आहे. यात बाटली खोटी असतेच असं नाही. झाडाला ताणच नव्हता, तर तो सोसायला मदत कशाची लागणार? म्हणून वहीत आकड्यांशेजारी त्या पंधरवड्यातलं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान, पाऊस आणि पाणी चुकलेले दिवस यांचीही नोंद करा. दोन-तीन फुलोऱ्यांच्या नोंदी जमल्या की कोणत्या हवामानात तुमच्या झाडांना फवारणीचा उपयोग होतो ते त्याच पानांवर दिसेल, आणि पुढच्या वेळी बाटली घ्यायची की नाही ते तिथेच ठरवा.